खारीच्या शेपटीचा चिमटा

बादशहाची खुशामत करायला जन्मलेली कला एक दिवस सत्ताधाऱ्यांचीच टोपी उडवायला लागली, तर? लाहोरच्या मिनिएचर पेंटर्सनी नेमकं हेच केलंय. तेही वीतभर कागदावर आणि कुणाचंही नाक लांब न करता!

आपल्या नाक्यावरचा वाढदिवसाचा फ्लेक्स डोळ्यांसमोर आणा. मधोमध साहेब. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, गॉगल, कानाला मोबाइल. डोक्यामागे उगवता सूर्य, बाजूला डरकाळी फोडणारा वाघ. वरच्या पट्टीत मोठे नेते लायनीत बसवलेले आणि खाली पासपोर्ट साइजचे 'शुभेच्छुक'. त्यातही ज्याने वर्गणी जास्त दिली त्याचा फोटो किंचित मोठा. सिग्नल सुटेपर्यंत आपण बघतो, गालात हसतो आणि क्लच सोडतो.

हा फ्लेक्स डिझाइन करणाऱ्या पोराला कदाचित माहीत नसेल, पण तो चारशे वर्षं जुन्या व्याकरणात काम करतोय. महत्त्वाचा माणूस सगळ्यात मोठा, डोक्यामागे तेजोवलय, पायाशी प्राणी, कडेला हात बांधून उभे असलेले दरबारी. मुघल मिनिएचरचा, म्हणजे आपल्या भाषेत लघुचित्राचा फंडा हाच. फरक इतकाच, की तिथे फ्लेक्स प्रिंटिंगचं मशीन नव्हतं. खारीच्या शेपटीच्या केसांचा ब्रश होता आणि एकेका चित्राला महिनोन् महिने लागायचे.

हेच खुशामतीचं व्याकरण जसंच्या तसं उचलून त्यातून राजकारण्यांना चिमटे काढणाऱ्या चित्रकारांची ही गोष्ट. ती घडते लाहोरमध्ये, पण सुरुवात आपल्याकडच्या एका माणसापासून करायला हवी.

फोटोशॉप, साल १६१६

मलिक अंबर आठवतोय? शाळेच्या इतिहासात भेटलेला. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला, फिरत फिरत दख्खनला पोचलेला आणि पुढे निजामशाहीचा सर्वेसर्वा झालेला हबशी. १६१० मध्ये त्याने खडकी वसवली. तेच पुढचं औरंगाबाद, आजचं छत्रपती संभाजीनगर. मुघलांच्या मोठ्या फौजेसमोर उघड्यावर लढायचं नाही, रसद तोडायची, छापा घालायचा आणि पसार व्हायचं, ही त्याची स्टाइल. जहांगीर बादशहा त्याच्यापायी इतका वैतागलेला, की आपल्या आत्मचरित्रात त्याचं नाव घेताना दर वेळी शिवी जोडल्याशिवाय त्याला राहवत नाही.

आता चित्र बघा. डब्लिनच्या चेस्टर बीटी लायब्ररीत आहे, काढलंय जहांगीरचा लाडका चित्रकार अबुल हसन याने, सुमारे १६१६ मध्ये. जहांगीर चक्क पृथ्वीच्या गोलावर उभा आहे. गोल बैलाच्या पाठीवर, बैल माशाच्या पाठीवर. बादशहाने धनुष्य ताणलंय आणि समोर भाल्याच्या टोकावर एक मुंडकं आहे. मलिक अंबरचं!

प्रत्यक्षात काय झालं? मुघलांना मलिक अंबर कधीच सापडला नाही. १६२४ मध्ये नगरजवळ भातवडीला त्याने मुघल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांना एकत्र धूळ चारली. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने होते. १६२६ मध्ये तो म्हातारा होऊन, आपल्या अंथरुणात मेला. खुलताबादला त्याची कबर आहे. पुढच्याच वर्षी जहांगीरही गेला. म्हणजे जे रणांगणावर आयुष्यभर जमलं नाही, ते बादशहाने कागदावर उरकून घेतलं.

मी हे चित्र पहिल्यांदा बघितलं ते मास कॉमच्या दुसऱ्या वर्षाला, एका लेक्चरमध्ये, प्रोजेक्टरवर. शेजारी बसलेला मित्र पुटपुटला, "हे तर फोटोशॉप आहे यार." तो आता एका अ‍ॅड एजन्सीत आहे आणि क्लायंटच्या चेअरमनला दर वर्षी अ‍ॅन्युअल रिपोर्टसाठी दहा वर्षांनी तरुण करतो. त्याचं ते वाक्य मला अजूनही या विषयावरचं सगळ्यात नेमकं वाक्य वाटतं.

अबुल हसनचंच आणखी एक चित्र आहे, सुमारे १६१८ चं, वॉशिंग्टनच्या फ्रीअर गॅलरीतलं. त्यात जहांगीर इराणच्या शाह अब्बासला मिठी मारतोय. दोघं पुन्हा पृथ्वीच्या गोलावर. जहांगीरच्या पायाखाली सिंह, अब्बासच्या पायाखाली कोकरू. वरवर बघितलं तर सिंह आणि कोकरू गुण्यागोविंदाने झोपलेत. नीट बघितलं तर सिंह अख्खा हिंदुस्थान व्यापून पुढे इराणात पसरलाय आणि कोकराला ढकलत ढकलत पार समुद्राकडे नेलंय. जहांगीर दणकट, अब्बास किडकिडीत. हे दोघं आयुष्यात एकदाही भेटले नाहीत. ही भेट म्हणे बादशहाच्या स्वप्नातली. स्वप्न पडून काही वर्षं झाली आणि १६२२ मध्ये याच अब्बासने जहांगीरकडून कंदाहार हिसकावून घेतलं.

ही मिठी लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

क्रॉफर्ड मार्केट ते लाहोर

मुघल गेले, इंग्रज आले आणि दरबारी चित्रकारांची मिरासदारी संपली. मग लाहोरमध्ये ही कला पुन्हा कशी रुजली? इथे एक भन्नाट मुंबई कनेक्शन आहे. १८६५ मध्ये जॉन लॉकवूड किपलिंग नावाचा इंग्रज शिल्पकार मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायला आला. 'जंगल बुक'वाल्या रुडयार्डचा हा बाप. रुडयार्डचा जन्म त्याच साली जे. जे.च्या आवारातला. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची उठावशिल्पं आहेत ना, ती या लॉकवूडचीच. १८७५ मध्ये तो मुंबई सोडून लाहोरला गेला, नव्या मेयो स्कूल ऑफ आर्ट्सचा प्रिन्सिपॉल म्हणून. हेच मेयो स्कूल १९५८ मध्ये नॅशनल कॉलेज ऑफ आर्ट्स झालं. शॉर्टमध्ये, एन.सी.ए.

या कॉलेजात मिनिएचर शिकवलं जायचं, पण जरा सावत्र मुलासारखं. मॉडर्न आर्ट करणाऱ्यांच्या लेखी ते जुन्या चित्रांच्या कॉप्या काढण्याचं काम. १९८० च्या दशकात बशीर अहमद या शिक्षकाने ते रीतसर डिग्रीचा विषय म्हणून उभं केलं. वेळ बघा. १९७७ पासून १९८८ पर्यंत पाकिस्तानात जनरल झिया उल हकची राजवट. नाटकं, सिनेमे, चित्रं, सगळ्यांवर करडी नजर. अशा काळात 'आपल्या परंपरेची कला' म्हणून मिनिएचरवर शंका घ्यायला कुणाला फारसं कारण नव्हतं.

ट्रेनिंग म्हणाल तर एकदम कडक. आधी कागद स्वतः बनवायचा. त्याला वसली म्हणतात. हातकागदाचे थरावर थर खळीने चिकटवायचे, कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायचा आणि मग शिंपल्याने घासघासून पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत करायचा. ब्रश खारीच्या केसांचा. रंग शिंपल्यात कालवायचे. जमिनीवर मांडी घालून, बोर्ड गुडघ्यावर टेकवून बसायचं आणि सुईच्या टोकाएवढे ठिपके देत राहायचं. या ठिपक्यांच्या कामाला परदाख्त म्हणतात. एक गाल रंगवायला एक अख्खा दिवस जाऊ शकतो. विद्यार्थी सुरुवातीला जुन्या उस्तादांच्या चित्रांच्या नकलाच करतात, मग स्वतःचं चित्र.

शाझिया सिकंदर या विद्यार्थिनीने १९८९-९० मध्ये 'द स्क्रोल' नावाचं दीड मीटरहून लांब चित्र केलं आणि गेम पालटला. विषय काय, तर आजचं घर आणि त्यात या खोलीतून त्या खोलीत फिरणारी पांढऱ्या कपड्यातली एक मुलगी. बादशहा नाही, शिकार नाही, दरबार नाही. या जुन्या पद्धतीत आजचं काहीही सांगता येतं, हे मागून येणाऱ्या पोरांना एकदम दिसलं. आणि त्यांच्या 'आज'मध्ये तर राजकारण ठासून भरलेलं होतं.

मिठीत कोण, कुणाच्या?

सायरा वसीम एन.सी.ए.मधून बाहेर पडली १९९९ मध्ये. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला जनरल परवेझ मुशर्रफने नवाझ शरीफचं सरकार उलथवलं. दिल्लीत जन्मलेला, २००१ च्या जुलैमध्ये आग्र्याला वाजपेयींशी बोलणी करायला येऊन बायकोबरोबर ताजमहालसमोर फोटो काढून गेलेला हा जनरल आपल्यालाही चांगलाच आठवतो. त्यानंतर दोन महिन्यांत ११ सप्टेंबर झालं आणि पाकिस्तान रातोरात अमेरिकेचा दोस्त बनला.

सायराचं एक चित्र आहे, 'फ्रेंडशिप आफ्टर ११ सप्टेंबर'. त्यात बुश आणि मुशर्रफ एकमेकांना मिठी मारतायत. थाट सगळा शाही मुघल. मगाशी लक्षात ठेवायला सांगितलेली ती मिठी आठवली की चित्राचा डंख कळतो. चारशे वर्षांपूर्वी कोण सिंहावर होतं आणि कोण कोकरावर, हे ज्याला ठाऊक आहे त्याला वेगळं काही सांगावं लागत नाही. ज्या मैत्रीचं जगभर कौतुक चाललं होतं, ती तितकीच खरी, जितकी जहांगीर आणि अब्बासची!

पुढे २००६ मध्ये आत्मचरित्र आलं तेव्हा मुशर्रफनेच त्या मिठीचा आतला भाग सांगितला. साथ दिली नाहीत तर बाँब टाकून अश्मयुगात पाठवू, अशी धमकी अमेरिकेकडून आल्याचा त्याचा दावा होता. आपण असे शब्द वापरलेच नाहीत, असं संबंधित अमेरिकन अधिकाऱ्याने सांगितलं. कुणाचं खरं ते असो. चित्रकर्तीने हे पुस्तक यायच्या काही वर्षं आधीच दोस्तीच्या रंगाखालचा कागद दाखवून दिला होता.

सायराच्या चित्रांचा मला आवडणारा भाग म्हणजे ती कुणाचं व्यंग मोठं करत नाही. व्यंगचित्रकार बुशचे कान वाढवेल, मुशर्रफची मिशी. सायरा उलट करते. चेहरे अगदी हुबेहूब, कपड्यांवरची नक्षी नाजूक, सोनेरी रंग जिथल्या तिथे. नेत्यांना ती रंगमंचावर नाहीतर सर्कशीत उभं करते आणि पूर्ण इज्जत देते. इतकी इज्जत देते, की ती अंगावर मोठी होते. लहान पोराला बापाचा कोट घातल्यासारखी. अप्रेझलच्या आठवड्यात बॉसच्या प्रत्येक जोकवर जरा जास्तच मोठ्याने हसणारा कलीग आपल्या सगळ्यांच्या ऑफिसात असतो. तो खुशामत करतोय की टिंगल, हे बॉसलाही सांगता येत नाही. हा सटायर त्याच जातीचा.

२००३ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये 'द अमेरिकन इफेक्ट' नावाचं प्रदर्शन भरलं. जग अमेरिकेकडे कसं बघतं, हा विषय. मार्चमध्ये इराकवर हल्ला झालेला, वातावरण तापलेलं आणि भिंतीवर सायराची मिनिएचर्स. वीतभर आकाराच्या त्या कागदांसमोर माणसांना वाकून उभं राहावं लागत होतं. दरबारात वाकतात तसंच!

बादशहा बेकहॅम

हा खेळ फक्त लाहोरात चालतो असं नाही. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलजवळ अमृत आणि रवींद्र कौर सिंग या जुळ्या बहिणी राहतात. कलाविश्व त्यांना 'द सिंग ट्विन्स' म्हणून ओळखतं. कॉलेजात असताना त्या भारतीय लघुचित्रांच्या शैलीत काम करायला लागल्या, तेव्हा त्यांच्या शिक्षकांनी हे जुनाट आहे, यात 'आजचं' काही नाही, असं सुनावलं. दोघींनी ऐकलं नाही. आपल्या शैलीला त्यांनी नाव दिलं 'पास्ट मॉडर्न'. पोस्ट नव्हे, पास्ट!

२००२ मध्ये त्यांनी डेव्हिड आणि व्हिक्टोरिया बेकहॅमला मुघल बादशहा-बेगमच्या थाटात सिंहासनावर बसवलं. सेलिब्रिटी नावाच्या नव्या राजघराण्याला इतका झकास टोला मी तरी दुसरा बघितलेला नाही. पण दोघी फक्त गंमतच करतात असं समजू नका. १९९८ मध्ये त्यांनी सुवर्णमंदिरावरच्या १९८४ च्या लष्करी कारवाईवर चित्र काढलं, आणि इराक युद्धानंतर, २००४ मध्ये, बुश आणि ब्लेअर या जोडगोळीवर. त्याचं नाव 'पार्टनर्स इन क्राइम'. एका बाजूला बेकहॅम, दुसऱ्या बाजूला युद्ध. दोन्हीकडे ब्रश तोच, दरबार तोच.

दाढीवाला आणि आपली नजर

आता या विषयातला मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारा चित्रकार. इम्रान कुरेशी. सिंधमधल्या हैदराबादचा, जन्म १९७२ चा, एन.सी.ए.मध्येच शिकला आणि तिथेच शिकवायला लागला.

मुशर्रफची एक लाडकी घोषणा होती, 'एनलाइटन्ड मॉडरेशन'. म्हणजे साधारण 'प्रबुद्ध मवाळपणा'. २००३-०४ च्या सुमाराला जगभरच्या व्यासपीठांवर तो हे सांगत फिरला. आम्ही कट्टर नाही, आम्ही मॉडरेट आहोत, गुंतवणूक करा. इम्रानने काय केलं? दोन शब्दांची फक्त अदलाबदल केली आणि आपल्या चित्रमालिकेला नाव दिलं, 'मॉडरेट एनलाइटनमेंट'. म्हणजे जेमतेम प्रबोधन!

या मालिकेत नेते नाहीत. साधी माणसं आहेत, बहुतेक दाढीवाली, टोपी घातलेली, मोकळ्या पार्श्वभूमीवर एकेकटी उभी. मुघल काळातल्या पोर्ट्रेटमध्ये सरदार फूल हुंगत उभा असायचा ना, अगदी तशी. पण इथे कुणी व्यायाम करतोय, कुणी साबणाचे फुगे उडवतोय. आणि मग कुठेतरी, पायमोज्यावर किंवा पिशवीवर, लष्करी कॅमोफ्लाजचं डिझाइन दिसतं. झालं! आपली नजर तिथेच अडकते. हा कोण असेल? पिशवीत काय असेल?

चित्रात काहीच घडत नाहीये. संशय चित्रकाराने रंगवलेला नाही, तो आपण बरोबर घेऊन आलोय. ज्या जगाने माणसांची 'मॉडरेट' आणि 'कट्टर' अशी दोन खोक्यांत वाटणी केली, त्या जगाची इथे टिंगल आहे. आणि त्या जगात आपणही आलोच. ११ जुलै २००६ नंतरच्या दिवसांत वेस्टर्न लाइनच्या लोकलमध्ये ज्यांनी प्रवास केलाय, त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. दाढी, टोपी, जरा मोठी बॅग, आणि डब्यातल्या सगळ्या नजरा एकाच दिशेला. बाँब ठेवणारे खरे होते, भीती खरी होती. पण त्या नजरेखाली बसलेल्या माणसालाही ऑफिसलाच पोचायचं होतं. मुशर्रफवरचं चित्र बघून हसणं आपल्याला सोपं आहे, तो 'त्यांचा' जनरल. इम्रानचा फुगे उडवणारा माणूस मात्र सरळ आपल्याकडे बोट दाखवतो.

सहा जण, बारा कागद

२००३ मध्ये याच इम्रानने एक आयडिया काढली. मुघल काळात एक चित्र एकच माणूस काढत नसे. कारखान्यात एक जण रेखाटन करी, दुसरा रंग भरी, तिसरा चेहरे. मग आजही तसं केलं तर? एन.सी.ए.मध्ये शिकलेले सहा जण तयार झाले. इम्रान कुरेशी, आयेशा खालिद, नुसरा लतीफ कुरेशी, तल्हा राठोर, हसनात मेहमूद आणि सायरा वसीम. तोवर कुणी लाहोरमध्ये होतं, कुणी मेलबर्नमध्ये, कुणी न्यूयॉर्क, कुणी शिकागोत. प्रत्येकाने दोन वसल्या सुरू केल्या आणि कुरियरने पुढच्याला पाठवल्या. पुढच्याने त्यावर हवं ते करायचं. वाढवायचं, झाकायचं, खोडायचं. बाराही कागद सहा जणांच्या हातांखालून गेले. प्रोजेक्टचं नावच 'कारखाना'. २००५ पासून ही चित्रं अमेरिकेतल्या म्युझियममध्ये लागली.

टीममध्ये काम करणाऱ्या कुणालाही यातली गोम कळेल. आपण रात्रभर जागून केलेल्या प्रेझेंटेशनवर दुसऱ्याने येऊन शिक्का मारायचा, म्हणजे काय यातना! पण ११ सप्टेंबरनंतरच्या त्या दिवसांत, व्हिसाच्या रांगांमध्ये पाकिस्तानी पासपोर्टची उलटसुलट तपासणी चाललेली असताना, हे कागद मात्र सीमा ओलांडत जगभर फिरत होते. चित्रकारांना जे सोपं नव्हतं ते चित्रांना जमलं.

मग यांना कुणी पकडत कसं नाही?

ही चित्रं दाखवली की मित्रमंडळींचा हमखास हा प्रश्न येतो. बरोबरच आहे. व्यंगचित्रांची ताकद आपल्याला सांगायला नको. 'मार्मिक' नावाच्या व्यंगचित्र साप्ताहिकातून एक अख्खा राजकीय पक्ष उभा राहिलेला आपण बघितलाय. आणि धोकाही सांगायला नको. सप्टेंबर २०१२ मध्ये असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकाराला मुंबईत राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली होती. ते कलम नंतर मागे घेतलं गेलं, पण अटक व्हायची ती झालीच.

कार्टून पाच सेकंदांत कळतं. त्यामुळे राग यायलाही पाचच सेकंद लागतात. मिनिएचर तसं नाही. आधी ते दिसायला जवळ जावं लागतं. मग नक्षी, मग चेहरा, मग पायाखाली काय आहे, मग समासात काय चाललंय. चिमटा बसतो तो सगळ्यात शेवटी, आणि तोवर आपण चित्राचं कौतुक करून मोकळे झालेलो असतो. ज्याला जुनी चित्रं ठाऊक नाहीत त्याच्या हाती पुरावाही काही लागत नाही. नेत्याला बादशहासारखं रंगवलं, यात गुन्हा तो कोणता?

साइजचं महत्त्व दुसऱ्या टोकाने बघा. ऑक्टोबर २०१९ मध्ये कराची बिनालेत अदीला सुलेमान या शिल्पकर्तीने फ्रिअर हॉलच्या आवारात थडग्यांसारखे ४४४ खांब उभे केले. प्रत्येकावर एक मान टाकलेलं फूल. पोलीस चकमकींत मारल्या गेलेल्या माणसांची ती आठवण होती. काम भलंमोठं, उघड्यावर, कुणालाही लांबून कळेल असं. उद्घाटनाच्या सुमारासच ते बंद पाडण्यात आलं आणि पुढे खांब उखडले गेले. वीतभर कागद फ्रेममध्ये सुरक्षित राहतो. मैदानातलं थडगं राहत नाही.

पण मग एक नकोसा प्रश्न शिल्लक राहतोच. हा सटायर बघतो कोण? यातली बरीच चित्रं आज लंडन-न्यूयॉर्कच्या गॅलऱ्यांत आणि श्रीमंत संग्राहकांच्या घरात आहेत. लाहोरच्या रिक्षावाल्याने जनरलवरचा हा विनोद कधी बघितला असेल, असं वाटत नाही. ११ सप्टेंबरनंतर पाश्चात्त्य बाजाराला 'पाकिस्तानी, राजकीय आणि वर सुंदर' असं काहीतरी हवंच होतं आणि मिनिएचर त्यात फिट बसलं, ही टीका पाकिस्तानातही झाली. मला ती खोटी वाटत नाही. जहांगीरची चित्रं तरी कोण बघत होतं? मूठभर दरबारी. आजचा दरबार गॅलरीत भरतो, एवढाच फरक.

तरीही माझं मत चित्रकारांच्या बाजूने पडतं, आणि त्याचं कारण अगदी साधं आहे. मुशर्रफने १८ ऑगस्ट २००८ ला खुर्ची सोडली. फेब्रुवारी २०२३ मध्ये दुबईत तो गेला. त्याच्या भाषणांचे फोटो, होर्डिंग, घोषणा, सगळं धुऊन गेलं. सायराचा जनरल मात्र अजून तस्साच मिठीत उभा आहे. वसलीचा कागद शेकडो वर्षं टिकतो. खुशामतीचं चित्रही टिकतं म्हणा, पण मलिक अंबरच्या मुंडक्याचं चित्र बघून आज आपण कुणाला हसतो? अंबरला नाही. चारशे वर्षं झाली, जहांगीरचं चित्र आपोआप जहांगीरवरचं व्यंगचित्र होऊन बसलंय. हे मर्म आजच्या चित्रकारांनी ओळखलं. चारशे वर्षं थांबायचं कशाला, आत्ताच करून टाकू!

मिनिएचर वाचायचं कसं?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात लघुचित्रांचा उत्तम संग्रह आहे. काळा घोड्याला कॉफी प्यायला जाता, तसे एकदा इथेही डोकवा. वेळ नसेल तर फ्रीअर गॅलरीतली चित्रं इंटरनेटवर मोठ्या साइजमध्ये बघायला मिळतात. लंच अवरमध्ये झूम करायला हरकत नाही. बघताना ही पाच कामं करा.

● साइज: चित्रात सगळ्यात मोठा कोण आणि सगळ्यात छोटा कोण, ते आधी ठरवा. उंचीचा इथे पदाशी संबंध असतो.

● वलय: डोक्यामागे तेज कुणाच्या आहे? आणि ज्याच्या मागे आहे, तो चित्रात नेमकं काय करतोय?

● पाय: माणूस कशावर उभा आहे? पृथ्वी, सिंह, कोकरू की रंगमंच? खरी बातमी बहुतेक वेळा पायाखालीच असते.

● समास: याला हाशिया म्हणतात. कडेच्या वेलबुट्टीत चित्रकार मनातलं बोलतो. आजच्या चित्रांत तर हमखास.

● कोपरा: बिचित्र नावाच्या चित्रकाराने जहांगीरचं एक प्रसिद्ध चित्र केलंय. बादशहा वाळूच्या घड्याळावर बसून एका सुफी शेखला पुस्तक देतोय आणि खाली इंग्लंडचा राजा पहिला जेम्स ताटकळत उभा आहे. अगदी डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात, राजाच्याही खाली, आणखी एक माणूस आहे. त्याच्या हातात एक छोटंसं चित्र. हा स्वतः बिचित्र. जगातल्या राजांच्या रांगेत तो गुपचूप येऊन उभा राहिलाय. चारशे वर्षं झाली, त्याला तिथून कुणी हलवलेलं नाही.